चौदा घरांचा गॅस

त्या माणसाने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून चौदा घरांना फसवलं. थंडीत घर गरम ठेवायला जो गॅस जळतो, त्या गॅसच्या भावात फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मंडळींत ही गोष्ट आता उलटी सांगितली जाते. कोणालाही विचारा, तो म्हणेल, "दादांनी आपल्या सगळ्यांना त्या कंपनीत अडकवलं." दादा म्हणजे मी. मी कोणाला अडकवलं नाही. माझा शब्द वापरून दुसऱ्याने अडकवलं, आणि तो दुसरा आज भलत्याच गावात सोलर पॅनेल विकतो आहे.

आमची मंडळी म्हणजे इथे अमेरिकेत, कोलंबस शहरात आणि आजूबाजूच्या गावांत राहणारी महाराष्ट्रातली बौद्ध कुटुंबं. मी डब्लिनला राहतो, कोलंबसच्या कडेचं उपनगर ते. महिन्यातून एका रविवारी आम्ही लायब्ररीचा हॉल घेतो. वंदना होते, जेवण होतं, मग कामाचं बोलणं. आमच्यात एक रीत आहे: बोलणी एकाने करायची. हॉलचं भाडं असो, एप्रिलच्या कार्यक्रमाचा केटरर असो, नाहीतर चार घरांची छपरं एकाच वेळी दुरुस्त करून घ्यायची असोत, एक जण पुढे होतो, भाव ठरवतो, आणि त्याने "ठरलं" म्हटलं की बाकीचे त्यात बोट घालत नाहीत. ही रीत उगाच पडलेली नाही. सुरुवातीला आम्ही एकेकटे जाऊन फसलो होतो, कोणी गाडीत, कोणी घराच्या कर्जात. कोणाची ओळख नाही, कोणाचा काका बँकेत नाही, अशा माणसाला दुकानदार दारातच ओळखतो. तेव्हापासून बोलणी एकाची, आणि बरीच वर्षं तो एक म्हणजे मी.

कारण माझा धंदाच तो आहे. बंद पडलेल्या रेस्टॉरंटांतली यंत्रं मी विकत घेतो आणि नवीन उघडणाऱ्यांना विकतो. ओव्हन, फ्रीजर, भांडी धुण्याची मशिनं, डोशाच्या पिठाचे ग्राइंडर. इथे आलो तेव्हा एका गोदामात खोकी उचलत होतो. त्या गोदामात एक फ्रीजर पडून होता, तो मालकाकडून उधारीवर घेतला आणि आठवड्यात विकला, तिथून सुरुवात. दुकान बंद करणाऱ्या माणसाला किंमत नको असते, ते सगळं डोळ्यांसमोरून जायला हवं असतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मी आकडा सांगतो आणि गप्प बसतो. समोरचा बोलत राहतो आणि बोलता बोलता खाली येतो. कोणाला हे कठोर वाटेल. वाटू दे. ह्याच जिभेवर माझं घर उभं आहे आणि मुलीचं शिक्षण झालं आहे.

तर गॅस. आमच्या घरी बेसमेंटमध्ये फर्नेस आहे, तशी सगळ्यांकडेच असते. थंडीत ती दर थोड्या वेळाने गुरगुरते, भिंतीतल्या वाटांनी गरम हवा वर ढकलते आणि पुन्हा गप्प होते. ऑक्टोबर ते एप्रिल हा आवाज घरातल्या माणसासारखा असतो. पाहुणे आले की दचकतात, आपण ऐकत नाही. ऐकू येतं ते बिल आल्यावर.

त्या बिलात दोन भाग असतात. एक पाइपवाल्या कंपनीचा. पाइप तुमच्या दारात आणला म्हणून ठरलेला आकार, तुम्ही गॅस जाळा नाहीतर नका जाळू. जुलैत बाहेर डांबर वितळत असतं, फर्नेस मेल्यासारखी पडलेली असते, तरी हा आकार येतो. ह्या आकारावरून मी पाइपवाल्यांशी फोनवर कितीदा भांडलो आहे ते माझ्या बायकोला विचारा. तिथे घासाघीस चालत नाही. दुसरा भाग प्रत्यक्ष गॅसचा. आमच्या राज्यात हा गॅस कोणाकडून घ्यायचा ते तुम्ही निवडू शकता. पाइप तोच, फर्नेस तीच, बिलही त्याच पाकिटातून येतं, फक्त आतल्या एका ओळीत विकणाऱ्याचं नाव आणि दर बदलतो. काहीच निवडलं नाही तर नेहमीचा दर लागतो. निवडलं तर स्वस्त पडू शकतं. जिथे निवड आहे तिथे घासाघीस आहे, आणि जिथे घासाघीस आहे तिथे मी आहे.

तो एप्रिलच्या कार्यक्रमात पहिल्यांदा दिसला. तिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, जेवणाच्या रांगेत म्हाताऱ्यांना ताटं आणून देत होता. माझ्याजवळ आला, वाकून "जय भीम, दादा" म्हणाला. वर्ध्याचा आहे म्हणाला. गॅस विकणाऱ्या एका कंपनीसाठी काम करतो म्हणाला. त्या दिवशी धंद्याचं एक अक्षर बोलला नाही. हे मला आवडलं, हे कबूल करतो. हावरा माणूस मी दुरून ओळखतो. हा हावरा दिसला नाही.

सप्टेंबरात तो घरी आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला बायकोने कोथिंबीर भरून सांबारवडी केली होती. तो खात होता आणि टॅब्लेटवर आकडे दाखवत होता. दोन वर्षं एकच दर, असा त्याचा प्रस्ताव होता. दर नेहमीच्या दरापेक्षा कमी होता. मी गप्प बसलो.

"दादा, ह्याच्या खाली मी नाही जाऊ शकत."

मी वडी त्याच्या ताटात वाढली.

"बॉसला विचारतो," म्हणून तो बाहेर गेला. खिडकीतून मला तो दिसत होता, फोन कानाला, दुसरा हात हवेत. परत आला. "एक पॉइंट कमी करतो म्हणतात. पण तुमच्याकडून दहा घरं पाहिजेत."

"चौदा देतो. अजून खाली ये."

"तुम्ही माझी नोकरी घालवता, दादा."

"नोकरी गेली तर माझ्याकडे ये. फ्रीजर उचलायला माणूस हवाच आहे."

तो हसला, पुन्हा बाहेर गेला. ह्या वेळी बराच वेळ. आत आला तेव्हा म्हणाला, "झालं. पण मग प्लॅन दुसरा लागेल. नाव वेगळं आहे, बाकी काही नाही."

"फिक्स्ड आहे ना?"

"फिक्स्ड आहे ना, दादा. हा बघा रेट, समोर लिहिला आहे."

लिहिला होता. मी जो मागितला होता त्याच्याही किंचित खाली. बायकोकडे पाहिलं, तिने भुवया उंचावल्या. मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटत नाही. मला वाटलं, जिंकलो.

मी एक शब्द विचारला नाही: कुठपर्यंत. वॉरंटी कुठपर्यंत, भाडेपट्टा कुठपर्यंत, हे विचारल्याशिवाय मी आयुष्यात कधी कोणाला सोडलेलं नाही. एखाद्या गोऱ्या सेल्समनने तो दर दाखवला असता तर मी त्याच्याकडून मुदत तीनदा वदवून घेतली असती. ह्याला विचारलं नाही, कारण ह्याने माझ्या दारात चपला काढल्या होत्या आणि जय भीम म्हटलं होतं. आता कोणी म्हणेल, ही तुझी चूक. ही माझी चूक असेल, तर तिच्यावर जगणारा माणूस कोण?

जाताना त्याने गाडीतून एक खोकं आणलं. नवीन थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती गरम ठेवायचं ते फर्नेसला सांगणारं यंत्र, फोनवरून चालणारा, काचेचा. "तुमच्यासाठी, दादा. एवढे लोक जोडता म्हणून." मी घेतला. फुकट मिळालेली वस्तू मी परत करत नाही. त्याच आठवड्यात भिंतीवर लावला.

ऑक्टोबरच्या रविवारी जेवण झाल्यावर मी हॉलमध्ये उभा राहिलो. दर सांगितला. टाळ्या झाल्या. तो टॅब्लेट घेऊन टेबलाशी बसला होता. सही केली की कंपनीचा फोन येणार, रेकॉर्ड होणारा, त्यात एक बाई इंग्रजीत प्रश्न विचारणार, असं त्याने मला आधीच सांगून ठेवलं होतं. "सगळ्यांना सांगा, दादा, प्रत्येक प्रश्नाला यस म्हणा. मध्येच काही विचारलं की कॉल तुटतो, मग पुन्हा पहिल्यापासून." मी तसंच सांगितलं. "यस म्हणा आणि सुटा," असं मी सांगितलं, माझ्या आवाजात, सगळ्यांच्या समोर.

पहिली सही मावशीने केली. मावशी आमच्यात सगळ्यांत वडील. कामठीची. नवरा गेल्यावरही ती इथेच एका लहान घरात एकटी राहते. नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांची अंगं पुसून तिने मुलाला इंजिनिअर केलं, तो दूर फ्रिस्को शहरात असतो, ती तिकडे जात नाही. तिने सही केली की बाकीचे करतात.

"वाचलं ना तू?" तिने मला विचारलं.

"मावशी, मी भाव पाडलाय."

"मग झालं," म्हणाली आणि बोटाने टॅब्लेटवर नाव काढलं.

नंतर हॉलच्या पॅसेजमध्ये जो तो फोन कानाला लावून उभा. इकडून यस, तिकडून यस. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अरे, लग्न लागून राहिलं की काय सगळ्यांचं?" सगळे हसले. मीही.

त्या हिवाळ्यात माझ्यासारखा माणूस नव्हता. जानेवारीत खिडक्यांना आतून बर्फ धरायची वेळ आली, तरी बिलं आदल्या वर्षीपेक्षा कमी. लोक फोन करून सांगायचे. एकाच्या बायकोने माझ्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या. नवीन आलेलं एक जोडपं मला म्हणालं, काका, आम्हालाही त्यात घ्या. मी घेतलं नाही, चौदाचंच ठरलं होतं, पण ऐकायला बरं वाटलं. आमच्यात माझा शब्द चालतो, ह्यापेक्षा मोठी मिळकत माझ्याकडे नाही. तीन गोदामं आहेत, ती नंतर.

मुदत सहा महिन्यांची होती. मार्चमध्ये संपली. एप्रिलपासून कंपनी दर महिन्याला मनाला येईल तो दर लावायला मोकळी होती, आणि तिने लावला. आता ह्यातली हुशारी बघा. एप्रिलनंतर गॅस जळतो किती? फर्नेस बंद. आंघोळीचं पाणी तापवायला लागतो तेवढाच. दर दुप्पट झाला तरी बिलात फरक पडतो तो एका पिझ्झ्याचा. कोण बघतं? मे, जून, जुलै, दर चढत गेला आणि आम्ही अंगणात मक्याची कणसं भाजत बसलो. मुदत संपताना कंपनीने कळवलं नाही असं नाही. कार्डं पाठवली होती. माझी मला नंतर सापडली, छपराच्या पन्हळी साफ करून देणाऱ्यांच्या जाहिरातींमध्ये, त्याच आकाराची, त्याच रंगाची. असल्या चोरीला मी दाद देतो. माझ्या धंद्यात मी एवढा कधी उतरलो नाही.

डिसेंबरात फर्नेस पूर्ण चालू झाल्या आणि बिलं आली. पहिला फोन आला तेव्हा मी म्हटलं, मीटर चुकला असेल. दुसरा आला तेव्हा म्हटलं, थंडी जास्त आहे. तिसऱ्या फोननंतर मी स्वतःचं बिल उघडलं. तोवर ते बायको भरत होती. दर पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मी जो भाव पाडला होता त्याच्या दुपटीहून वर.

त्याला फोन लावला. चौथ्या वेळी उचलला.

"जय भीम, दादा! कसे आहात?"

"भाव फिक्स्ड होता म्हणालास."

"होता ना, दादा. सहा महिने. तुम्हीच म्हणाले अजून खाली ये. दोन वर्षांवाला रेट तुम्हाला चालला नाही. मग मार्केटवाला दिला."

"सहा महिने हा शब्द तू कधी उच्चारलास?"

"डॉक्युमेंटमध्ये आहे. आणि दादा, मी आता तिथे नाही. सोलरमध्ये आहे. तुमचं छप्पर साउथ-फेसिंग आहे का?"

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने फोन ठेवला. त्यानंतर माझा नंबर त्याच्याकडे लागत नाही.

मग कंपनी. दोन दुपारी फोनवर त्यांचं होल्डचं गाणं ऐकण्यात घालवल्यानंतर एक बाई मिळाली. नम्र. माझी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाली, तुमचं रेकॉर्डिंग ऐकवते. लावलं. पाचवा प्रश्न असा होता: सुरुवातीची मुदत संपल्यावर दर महिन्याला बदलेल, हे तुम्हाला समजलं आहे का? आणि त्यावर माझा आवाज. घाईचा, खुशीतला. "यस." प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच. मागे हॉलमधला हसण्याचा आवाज येत होता.

मी म्हटलं, बाकीच्या तेरा जणांचंही असंच असेल. ती म्हणाली, त्यांची माहिती मी तुम्हाला देऊ शकत नाही. द्यायची गरज नव्हती. ते यस मी त्यांच्या तोंडात घातले होते.

मुलगी विम्याच्या कंपनीत काम करते, दिवसभर लोकांचे करार वाचते. तिला फोन केला. म्हणाली, "बाबा, सेंड मी द पीडीएफ." पाठवलं. पाच मिनिटांत फोन. "पेज फोर. इट्स राइट देअर."

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

"आय अॅम ऑन द साइड ऑफ रीडिंग, बाबा."

तिला मी ओरडलो. नंतर सॉरी म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, पेज फोर.

जानेवारीच्या रविवारी हॉलमध्ये मला बिलाचं कोणी काही विचारलं नाही. ते जास्त वाईट होतं. वाढताना एकाने, ज्याचं छप्पर मी अर्ध्या किमतीत करून दिलं होतं त्याने, वरण वाढता वाढता विचारलं, "दादा, थर्मोस्टॅट कसा चाललाय?" रांगेत दोघं-तिघं खाली बघून हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "कमिशनमध्ये मिळाला ना?" मी ताट टेबलावर ठेवलं आणि निघून आलो. घरी येऊन तो थर्मोस्टॅट भिंतीवरून उपटला, जुना गोल चाकाचा बेसमेंटमधून शोधून लावला. भिंतीवर काचेच्या आकाराचा पांढरा चौकोन राहिला. बायको म्हणाली, "रंग देऊ या." मी म्हटलं, राहू दे.

माझं घर सोडून उरलेल्या तेरांपैकी बारा घरांतून कुठल्या ना कुठल्या वाटेने बोलणं माझ्यापर्यंत आलं होतं. मावशीकडून काहीच नाही. म्हणून एका शनिवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो.

आत शिरलो, कोट काढायला हात गेला आणि तसाच थांबला. खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबलेले होते. मावशी स्वयंपाकघरात मुलाचं जुनं स्कीइंगचं जॅकेट घालून बसली होती आणि कोथिंबीर निवडत होती. हातात लोकरीचे मोजे, बोटांची टोकं कापलेली. मी थर्मोस्टॅटपाशी गेलो. पंचावन्न फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचे जेमतेम तेरा अंश.

"मावशी, फर्नेस बिघडली का?"

"नाही, बाप्पा. चांगली आहे."

"मग पंचावन्नवर कशाला ठेवली?"

"मले थंडी लागतच नाही आता. सवय झाली."

"मोजे घालून कोथिंबीर निवडता आणि म्हणे थंडी लागत नाही!"

मी बिलं मागितली. बिस्किटांच्या डब्यात घडी घालून ठेवली होती. प्रत्येक बिलावर तिने पेन्सिलीने गोल केले होते. दराला नाही. किती गॅस वापरला, त्या आकड्याला. डिसेंबरपेक्षा जानेवारीचा आकडा लहान होता. त्या महिन्यात बाहेर शून्याखाली गेलं होतं आणि तिचा आकडा लहान होत होता.

"मले वाटलं मीच जास्त जाळून राहिली," ती म्हणाली. "म्हणून कमी केलं. तरी बिल काही खाली येईना. मग अजून कमी केलं."

"मला फोन का नाही केलात?"

"कसा करू? तू सगळ्यांसमोर सांगितलं ना, फिक्स आहे म्हणून. मग चूक माहीच असेल."

मी तिच्यावर ओरडलो. शहात्तर वर्षांच्या बाईवर, तिच्याच स्वयंपाकघरात. म्हटलं, डोकं आहे का तुम्हाला, पाइप गोठून फुटले असते, तुम्ही मेला असता इथे. तिने ओरडू दिलं. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाली, "हॉलमध्ये लोकं तुह्याबद्दल बोलून राहिले होते. म्या म्हटलं, माहं बिल तर बरोबर येते."

मी जाऊन थर्मोस्टॅट बहात्तरवर नेला. खालून फर्नेस गुरगुरली. जाळीतून धुळीचा वास आला, मग ऊब. आम्ही दोघं जाळीपाशी उभे राहिलो.

"अडुसष्टवर कर," मावशी म्हणाली. "बहात्तर कायले? लग्न आहे का घरात?"

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसलो आणि चौदाही घरं त्या कंपनीतून काढून नेहमीच्या दरावर आणली. एकेकाला शेजारी बसवलं. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. काहींना कंटाळा आला, तरी वाचली. बदल लागू व्हायला आणखी एक बिल जावं लागलं, तेही त्याच लुटीच्या दराने. मग मी राज्याच्या तक्रार कार्यालयाला पत्र लिहिलं, मुलीने इंग्रजी नीट करून दिलं. उत्तर आलं ते असं: ग्राहकाची संमती नोंदलेली आहे, मुदतीची सूचना पाठवलेली आहे, प्रकरण बंद करण्यात येत आहे. बंद. मी बंद दुकानांचाच व्यापारी आहे. कोणती गोष्ट खरंच बंद झाली आणि कोणती नाही, हे मला त्यांच्यापेक्षा कळतं.

शेवटी मी चेकबुक काढलं. बाकीच्या तेरा घरांचा जादा गेलेला पैसा मीच भरून द्यायचा ठरवलं. बायकोने विरोध केला, तिच्याशी दोन दिवस अबोला झाला. काहींनी चेक घेतले. काहींनी "राहू द्या, दादा" म्हणून परत केले. थर्मोस्टॅटवरून बोलणाऱ्याने माझ्यासमोर कॅल्क्युलेटर काढून आकडा तपासला आणि मग घेतला. मला राग आला नाही, हे खोटं आहे. आला.

मावशीचा चेक मी स्वतः घेऊन गेलो. तिने तो हातात घेतला, वाचला, पुन्हा माझ्या खिशात घातला.

"तू कायले देतो?"

"माझ्या शब्दावर गेले, मावशी."

"तू दिले म्हणजे तूच घेतले होते असं होईल. लोकांचं म्हणणं खरं करतो काय? ज्यानं घेतले त्याले माग."

मी तिला समजावून पाहिलं. ह्या बाईशी घासाघीस करता येत नाही. मी आकडा वाढवला तर ती गप्प बसली, माझ्यासारखीच. गाडीत बसल्यावर कळलं की ती बरोबर आहे. मी चेक वाटत होतो ते लोकांचं तोंड बंद व्हावं म्हणून, आणि प्रत्येक चेकबरोबर तो माणूस आणखी मोकळा होत होता.

म्हणून आता मागतो आहे. कंपनीकडे मागतो: सहा महिन्यांची मुदत ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर संपवायची, हे तुमच्यातल्या कोणी ठरवलं, त्याला एक चेहरा असेल, त्याला पुढे करा. राज्याच्या त्या कार्यालयाकडे मागतो: हॉलभर यस-यसचा गोंगाट ऐकू येणाऱ्या रेकॉर्डिंगला तुम्ही समजून दिलेली संमती म्हणता, ते रेकॉर्डिंग तुमच्यापैकी एकाने तरी कानाला लावून ऐकलं का?

आणि तुझ्याकडे. तू आमच्या रांगेत म्हाताऱ्यांना ताटं वाढलीस. त्यात तुझं पोट असेल, बॉसचा दबाव असेल, महिन्याचा आकडा गाठायचा असेल, हे सगळं मी समजू शकतो, मीही विकून खाल्लं आहे. पैसे मला हवेत, ते खोटं कशाला बोलू, चौदा घरांचे सगळे हवेत. पण त्याआधी एक उत्तर हवं. सगळ्यांना यस म्हणायला सांगा, असं मला सांगितलंस, तेव्हा पाचवा प्रश्न काय आहे ते तुला माहीत होतं की नव्हतं? हो किंवा नाही. ते मला फोनवर नको सांगूस. मावशीच्या घरी ये, तिच्या समोर बस, आणि तिला सांग.